माल एकाचा, जहाज दुसऱ्याचं

फ्रेट फॉरवर्डरच्या मालकीचं जहाज नसतं. बहुतेकदा ट्रेलर नसतो, कंटेनर नसतो, गोदामही भाड्याचं असतं. दिंडोरीच्या बागायतदाराची द्राक्षं तो रॉटरडॅमच्या घाऊक व्यापाऱ्यापर्यंत पोचवतो ती दुसऱ्यांच्या साधनांवर. जहाज शिपिंग लाइनचं, ट्रेलर वाहतूकदाराचा, धक्का टर्मिनलचा, मंजुरी कस्टमची. त्याचं स्वतःचं भांडवल एकच, आणि ते म्हणजे माहिती. कोणता कंटेनर कुठे आहे, कोणता कागद कोणाकडे अडलाय, कंटेनर बंदरात पोचवायची शेवटची वेळ, म्हणजे कट-ऑफ, किती वाजताचा आहे, आणि एवढी धावपळ करून आपल्या हाती किती उरणार आहे. या धंद्यातल्या राष्ट्रीय संघटनांचा जागतिक महासंघ, फियाटा, १९२६ मध्ये व्हिएन्नात स्थापन झाला. तेव्हापासून कामाचा गाभा तोच आहे. बदलली ती माहिती सांभाळायची जागा. आधी खतावणी आणि फायली होत्या, मग एक्सेल आलं, आणि आता कोटेशनपासून शेवटच्या बिलापर्यंत सगळं एकाच ठिकाणी ठेवणारं सॉफ्टवेअर आलं आहे.

हे सॉफ्टवेअर विकणारे पडद्यावरचा नकाशा दाखवतात. निळ्या समुद्रात छोटी जहाजं सरकत असतात, आणि पाहणारा खूश होतो. पण त्याची खरी किंमत नकाशात नाही. ती समजण्यासाठी द्राक्षांचा एकच कंटेनर घेऊ आणि त्याच्यामागे किती कागद चालतात ते पाहू.

द्राक्षं तोडून पॅकहाउसमध्ये येतात, पनेट म्हणजे लहान डबे भरले जातात, प्री-कूलिंग होतं, खोक्यात सल्फरचा पॅड ठेवला जातो, आणि खोकी शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या चाळीस फुटी रीफर, म्हणजे शीत, कंटेनरमध्ये चढतात. इथवर काम हातांचं. कागदांचं काम याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा प्रत्येक प्लॉट नोंदवलेला लागतो. अपेडा या कृषी निर्यात प्राधिकरणाने २००६ मध्ये सुरू केलेल्या ग्रेपनेटमुळे परदेशातल्या खोक्यावरून मागे थेट बागेपर्यंत माग काढता येतो. मग फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, अ‍ॅगमार्क, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट. शिपिंग लाइनकडे बुकिंग. कस्टममध्ये शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचं घोषणापत्र. कंटेनर भरल्यावर त्याचं प्रमाणित वजन, म्हणजे व्हीजीएम. न्हावाशेवा बंदराच्या गेटमधून आत जायला फॉर्म-१३. लाइनला शिपिंग इन्स्ट्रक्शन, त्यावरून बीएलचा, म्हणजे बिल ऑफ लेडिंगचा, मसुदा, मसुद्याची तपासणी, आणि जहाज सुटल्यावर अंतिम बीएल. पलीकडच्या एजंटला प्री-अलर्ट, म्हणजे आगाऊ सूचना. शेवटी ग्राहकाला बिल.

आता यातला एकच आकडा उचला: मालाचं वजन. तो पॅकिंग लिस्टवर आहे, शिपिंग बिलात आहे, शिपिंग इन्स्ट्रक्शनमध्ये आहे, बीएलवर आहे, प्री-अलर्टमध्ये आहे, आणि व्हीजीएममध्ये कंटेनरच्या रिकाम्या वजनासह पुन्हा आहे. जुन्या पद्धतीच्या ऑफिसात तो दरवेळी कोणीतरी नव्याने टाइप करतो. एक मुलगी ई-मेलमधून एक्सेलमध्ये, सीएचएकडचा, म्हणजे कस्टम एजंटकडचा, मुलगा पीडीएफवरून त्याच्या प्रोग्राममध्ये, तिसरा लाइनच्या वेबसाइटवर, चौथा हिशेबाच्या टॅलीत. समजा, यातल्या एकाने १३,२०० किलोच्या जागी १२,३०० टाइप केले. चूक कोणाच्या डोळ्यात खुपणारी नाही, दोन्ही आकडे पटण्यासारखे आहेत. पण रॉटरडॅमला प्रमाणपत्रावर एक वजन आणि बीएलवर दुसरं निघालं की नाशवंत मालाचा कंटेनर खुलासा येईपर्यंत थांबतो. बीएल दुरुस्तीचे पैसे लाइन घेते, शिपिंग बिल दुरुस्त करायचं तर कस्टम कायद्याच्या कलम १४९ खाली अर्ज करावा लागतो, आणि तोवर रीफरच्या विजेचं मीटर चालूच असतं.

मर्स्क या शिपिंग लाइनने २०१४ मध्ये पूर्व आफ्रिकेतून युरोपला जाणाऱ्या शीतमालाच्या एका खेपेचा असाच माग काढला होता. त्या एका खेपेशी जवळपास ३० व्यक्ती आणि संस्था जोडलेल्या होत्या, आणि त्यांच्यात २०० हून अधिक वेळा कागद किंवा निरोपांची देवाणघेवाण झाली होती. आपल्या द्राक्षांचा हिशेब याहून फार वेगळा निघणार नाही.

एकत्रित सॉफ्टवेअरचं मूळ तत्त्व इथेच आहे: एक गोष्ट एकदाच लिहायची. बुकिंग आलं की एक जॉब उघडायचा. त्या जॉबला नंबर मिळतो, आणि पुढे जे काही होईल ते सगळं त्या नंबराखाली. पाठवणारा, घेणारा, बंदरं, जहाज, खोकी, वजन, कंटेनर, सील, हे सगळं एकदा भरलं की शिपिंग इन्स्ट्रक्शन त्यातूनच निघते, बीएलचा मसुदा त्यातूनच, प्री-अलर्ट त्यातूनच, बिलही त्यातूनच. दुरुस्ती करायची तर एका जागी. कोणी केली, कधी केली आणि आधी काय होतं, तेही नोंदलेलं राहतं. यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चार जणांनी चार वेळा टाइप केलेल्या आकड्याची जबाबदारी कोणाचीच नसते. एकाने एकदा लिहिलेल्या आकड्यामागे नाव असतं.

अर्थात एकदाच लिहिलेलं चुकलं तर ते सगळीकडे चुकतं. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर लिहितानाच अडवतं. कंटेनर नंबराचंच पाहा. आयएसओ ६३४६ या मानकाप्रमाणे त्यात चार अक्षरं, सहा अंक आणि शेवटी एक तपासणी-अंक असतो. कंटेनरच्या दारावर हा शेवटचा अंक चौकटीत रंगवलेला दिसतो. पाठ्यपुस्तकी उदाहरण घेऊ: सीएसक्यूयू ३०५४३८, आणि चौकटीत ३. इथे प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत आहे: सी म्हणजे १३, एस म्हणजे ३०, क्यू म्हणजे २८, यू म्हणजे ३२. पहिल्या किमतीला १ ने गुणायचं, दुसरीला २ ने, तिसरीला ४ ने, असं दुप्पट करत दहाव्या स्थानाला ५१२ ने. सगळ्यांची बेरीज ६,१८५ येते. तिला ११ ने भागलं की बाकी ३ उरते, म्हणजे नंबर बरोबर. आता घाईत कोणी ३०५४३८ ऐवजी ३०५३४८ लिहिलं, तर बेरीज ६,३१३ होते आणि ११ ने भागल्यावर बाकी १० उरते. १० उरले तर अंक ० धरतात. चौकटीत तर ३ आहे. पडदा तिथेच लाल होतो आणि पुढे जाऊ देत नाही. एक्सेलच्या चौकोनात मात्र दोन्ही नंबर सारख्याच निमूटपणे बसतात. मग फॉर्म-१३ वर एक नंबर आणि ट्रेलरवर दुसरा, असा पेच रात्री दोनला टर्मिनलच्या गेटवर उघडकीला येतो.

वजनाला असा तपासणी-अंक नाही, आणि वजनाच्या चुकीची किंमत पैशांत संपत नाही. २००७ च्या जानेवारीत 'एमएससी नापोली' हे कंटेनर जहाज इंग्लिश खाडीच्या वादळात तडकलं आणि ते डेव्हनच्या किनाऱ्याजवळ मुद्दाम उथळ पाण्यात रुतवावं लागलं. तडकण्याचं कारण एकच नव्हतं. पण चौकशीत डेकवरचे कोरडे राहिलेले ६६० कंटेनर मोजले, तेव्हा त्यातल्या १३७ कंटेनरांचं वजन कागदापेक्षा तीन टनांहून जास्त फरकाचं निघालं. दर पाचातला एक. पुढे सोलास या समुद्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती झाली आणि १ जुलै २०१६ पासून प्रमाणित वजनाशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढवायला बंदी आली. व्हीजीएम म्हणजे आज ऑफिसातल्या नव्या मुलाला नुसता एक जादा रकाना वाटतो. त्या रकान्यामागे काय आहे, हे त्याला पहिल्या दिवशीच सांगायला हवं.

आता हिशेबाकडे येऊ. फॉरवर्डिंगची ऑफिसं बुडतात ती इथे.

फॉरवर्डर जहाजातली जागा लाइनकडून घेतो आणि ग्राहकाला विकतो. भाडं डॉलरमध्ये, टर्मिनल हँडलिंग रुपयांत, पलीकडचे खर्च युरोत. ग्राहकाला बिल आज जातं. लाइनचं बिल चार दिवसांनी येतं, वाहतूकदाराचं पंधरवड्याने, आणि परदेशी एजंटची डेबिट नोट कधी महिन्याने. काम करणारी माणसं आणि हिशेब लिहिणारी माणसं वेगवेगळ्या प्रोग्रामांत बसली असतील, तर महिना नफ्याचा दिसतो आणि पुढच्या महिन्यात मागची बिलं येऊन तो नफा खाऊन टाकतात. कोणत्या कंटेनरवर तोटा झाला हे मात्र कळत नाही, कारण टॅलीत खर्च 'भाडे' या एका खात्यात जमा झालेला असतो.

एकत्रित सॉफ्टवेअरमध्ये खर्चाचा अंदाज जॉब उघडतानाच त्या जॉबवर तरतूद म्हणून बसतो. लाइनला अमुक डॉलर, ट्रेलरला अमुक रुपये. प्रत्यक्ष बिल आलं की तरतूद उलटते आणि खरा आकडा बसतो. फरक असेल तर तो समोर दिसतो, आणि त्याचं उत्तर त्याच आठवड्यात मागता येतं. कंटेनर ठरलेल्या फ्री डेजपेक्षा जास्त दिवस बाहेर राहिला की लाइन डिटेन्शन लावते. हा खर्च खरं तर ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने सोसायचा. पण ऑपरेशनच्या मुलाने ते फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असेल आणि बिलिंगच्या टेबलापर्यंत ते पोचलंच नसेल, तर ते पैसे फॉरवर्डरच्या खिशातून जातात. छोट्या ऑफिसात एका कंटेनरमागचा नफा मुळात बेताचा असतो. दहा कंटेनरची कमाई एका विसरलेल्या डिटेन्शनमध्ये जाऊ शकते. माझ्या मते सॉफ्टवेअरचे पैसे वसूल होतात ते इथे.

सुटा माल एकत्र करणाऱ्यांसाठी, म्हणजे एलसीएलच्या धंद्यात, याला आणखी एक पदर आहे. एका कंटेनरमध्ये बारा जणांचा माल. लाइन फॉरवर्डरला एकच मास्टर बीएल देते, आणि फॉरवर्डर बारा जणांना बारा हाउस बीएल देतो. बारांची वजनं मिळून मास्टरवरचं वजन जुळलं पाहिजे, आणि कंटेनरचं भाडं बारांत घनमीटर किंवा टन, जे जास्त त्याच्या हिशेबाने वाटलं गेलं पाहिजे. हे हाताने करता येतं. पण सीएफएसमध्ये, म्हणजे माल कंटेनरमध्ये भरायच्या गोदामात, शेवटच्या क्षणी एकाची चार खोकी आलीच नाहीत, की सगळी वाटणी पुन्हा. शिवाय २०२४ पासून युरोपीय संघाने समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची आगाऊ माहिती हाउस बीएलच्या पातळीवर, मालाचा प्रकार सांगणाऱ्या सहा अंकी एचएस कोडासह मागायला सुरुवात केली आहे. 'सुटे भाग' किंवा 'मिश्र माल' एवढ्यावर आता भागत नाही.

सरकारी बाजूही आता कागदाची राहिलेली नाही. शिपिंग बिल कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर भरलं जातं, आधाराचे कागद २०१८ पासून ई-संचितवर चढतात, आणि २०१६ मध्ये न्हावाशेव्यापासून सुरू झालेल्या लॉजिस्टिक्स डेटा बँकेत कंटेनरवरच्या आरएफआयडी टॅगमुळे त्याचा देशातला प्रवास दिसतो. यंत्राला यंत्र जोडलं गेलं की शिथिलपणा चालत नाही. जीएसटीच्या पहिल्या वर्षात निर्यातदारांना हे महागात पडलं. जीएसटी विवरणात इन्व्हॉइस नंबर एका पद्धतीने आणि शिपिंग बिलात दुसऱ्या पद्धतीने लिहिला गेला की यंत्रणा 'एसबी-००५' हा दोष दाखवून आयजीएसटीचा परतावा अडवून ठेवी. नंबरातली एखादी तिरकी रेघ किंवा शून्य एवढाच फरक असला तरी. प्रकरणं इतकी साचली की मार्च २०१८ मध्ये सरकारला परताव्यांसाठी खास पंधरवडा पाळावा लागला. ताज्या द्राक्षांवर जीएसटी नसल्याने बागायतदार यातून सुटले. कोल्हापूरचे फाउंड्रीवाले आणि चाकणचे सुटे भागवाले अडकले. इन्व्हॉइस नंबर एकाच ठिकाणी लिहून दोन्हीकडे तोच गेला असता, तर यातली बरीचशी प्रकरणं घडलीच नसती.

सगळं सुरळीत चाललेलं असताना कोणतीही पद्धत बरी वाटते. कस लागतो तो गडबडीत. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, आणि मोठ्या लाइन्सनी जहाजं सुएझऐवजी केप ऑफ गुड होपकडून वळवली. द्राक्षांचा हंगाम नेमका तोंडावर होता. प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला, भाडी चढली, आणि जहाजांची वेळापत्रकं रोज बदलू लागली. अशा वेळी फॉरवर्डरला उत्तरं हवी असतात ती एका फटक्यात. या जहाजावर आपले किती कंटेनर आहेत? ते कोणत्या ग्राहकांचे? जुन्या भाड्याने कोटेशन देऊन बसलेले जॉब कोणते? जिथे हे एका पडद्यावर होतं तिथे बागायतदाराला त्याच दुपारी फोन गेला असणार. जिथे ते चार जणांच्या इनबॉक्समध्ये होतं, तिथे यादी बनवण्यातच दिवस जातो, आणि तोडणी थांबवायची की नाही हे विचारणाऱ्या शेतकऱ्याला उत्तर मिळत नाही.

मग सगळ्यांनीच सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये का नाही घातलं? कारण ते अवघड आहे, आणि मोठ्यांनाही ते सहज जमलेलं नाही. डीएचएलच्या फॉरवर्डिंग विभागाने जगभरासाठी स्वतःच्या मापाची एक नवी प्रणाली बांधायला घेतली. ऑक्टोबर २०१५ मध्ये ३४.५ कोटी युरो तोट्यात लिहून तिच्यावर पाणी सोडावं लागलं. पुढे त्याच कंपनीने बाजारात तयार मिळणारं कार्गोवाइज घेतलं. ते बनवणारी वाइजटेक ही सिडनीची कंपनी १९९४ मध्ये रिचर्ड व्हाइट यांनी सुरू केली, तिथल्या फॉरवर्डरांची कामं सोपी करण्यापासून. आज जगातले अनेक बडे फॉरवर्डर तेच वापरतात. आपल्याकडे मुंबईच्या सॉफ्टलिंकचं लॉजिसिस इथल्या कस्टमच्या आणि जीएसटीच्या नियमांना धरून घडलं आहे. डीएचएलच्या अनुभवातून मी एवढं घेतो: आपली प्रत्येक जुनी सवय सॉफ्टवेअरमध्ये कोंबायचा हट्ट धरू नये. बीएल बीएलच आहे, तुमच्या ऑफिसातही आणि हॅम्बुर्गच्याही.

दुसरं उदाहरण ट्रेडलेन्सचं. मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये सगळ्या जहाज कंपन्या, बंदरं आणि फॉरवर्डरांसाठी एक सामाईक व्यासपीठ उभं केलं. तंत्र चाललं. पण सगळा उद्योग त्यावर एकत्र आला नाही, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं. आपल्या ऑफिसापुरतं सगळं एकत्र आणता येतं. जगाचं एकत्र आणता येत नाही. म्हणून फॉरवर्डरच्या सॉफ्टवेअरला दहा बाहेरच्या प्रणालींशी बोलता आलं पाहिजे: लाइनशी, आइसगेटशी, बँकेशी, परदेशी एजंटशी. ते किती चांगलं बोलतं यावर त्याची अर्धी लायकी ठरते.

आणि एक धोका, जो विक्रेता स्वतःहून सांगणार नाही. सगळं एका जागी आलं की ती जागा बंद पडल्यावर सगळंच बंद पडतं. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' हा संगणक-विषाणू पसरला आणि मर्स्कची संगणक यंत्रणा जगभर कोलमडली. त्याची झळ थेट न्हावाशेव्याला लागली. मर्स्क समूहाकडून चालवलं जाणारं इथलं टर्मिनल ठप्प झालं. कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. ते शक्य झालं याचं एक कारण नशीब होतं. सगळं जाळं सांभाळणाऱ्या मुख्य नोंदींची (डोमेन कंट्रोलरची) एकमेव शाबूत प्रत घानामधल्या कार्यालयात मिळाली, कारण हल्ला झाला तेव्हा तिथली वीज गेलेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या एक्स्पीडायटर्स या बड्या फॉरवर्डर कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा तिला आपल्या बहुतेक प्रणाली बंद ठेवाव्या लागल्या, आणि काम आठवडेच्या आठवडे रखडलं. जहाजं जागेवर, माल जागेवर, फक्त माहिती गेली. आणि फॉरवर्डरकडे माहितीखेरीज काहीच नसतं.

यावर मोठे उपाय मोठ्यांनी करावेत. फोर्टमधल्या किंवा बेलापूरमधल्या सात-आठ माणसांच्या ऑफिसला दोन गोष्टी सहज जमतात. चालू जॉबची यादी, म्हणजे कंटेनर, जहाज, कट-ऑफ, ग्राहकाचा फोन, रोज संध्याकाळी इंटरनेटपासून तोडलेल्या जागी उतरवून ठेवायची. आणि प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, काम सोडून गेलेल्याचा त्याच दिवशी बंद. एकाच पासवर्डवर सगळं ऑफिस चालवायची आपल्याकडची सवय या धंद्यात परवडणारी नाही.

तुम्ही असं सॉफ्टवेअर घेणार असाल, तर विक्रेत्याला त्याची नमुन्याची खेप दाखवू देऊ नका. गेल्या हंगामातली तुमची सगळ्यात बिघडलेली फाईल घेऊन जा. जिच्यात कंटेनर एका जहाजावरून दुसऱ्यावर ढकलला गेला, बीएल दोनदा बदलला, एजंटची डेबिट नोट उशिरा आली आणि डिटेन्शन कोणी भरायचं यावर वाद झाला, ती फाईल. ती त्याला तुमच्यासमोर सुरुवातीपासून भरायला सांगा आणि तुमच्या ऑपरेशनच्या माणसाला शेजारी बसवा, मालकाला नव्हे. मग एकच प्रश्न विचारा: उद्या आम्ही तुम्हाला सोडलं, तर आमचा सगळा डेटा किती दिवसांत आणि कोणत्या स्वरूपात परत मिळेल? उत्तर करारात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.